बारावीच्या कॅल्क्युलससाठी उन्हाळ्याच्या सुट्टीत नेमकं काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरला सुदामानगरात राहणाऱ्या एका ताईंची लेक सीबीएसईची अकरावी झाली. गणितात मार्क बरे आहेत, पण 'लिमिट काही डोक्यात बसलं नाही' असं ती स्वतःच म्हणते. एप्रिलमधले बारावीचे वर्ग होऊन शाळा आता जूनच्या मध्यापर्यंत बंद. भंवरकुआंच्या एका क्लासवाल्यांनी सुट्टीतच 'पूर्ण कॅल्क्युलस' संपवून द्यायचं कबूल केलंय. तिकडे ताईंचा भाचा अमेरिकेत एपी कॅल्क्युलस बीसी, म्हणजे शाळेतच घ्यायचा कॉलेजच्या पातळीचा कोर्स, घेणार आहे. त्याला शाळेने सुट्टीसाठी प्रश्नांचा गठ्ठा दिला, पण त्यात कॅल्क्युलस औषधालाही नाही. नुसतं बीजगणित, ट्रिगनॉमेट्री आणि ग्राफ. मग खरं कोणाचं, असं ताई विचारतात.

ताई, खरं भाच्याच्या शाळेचं.

अकरावी-बारावीला गणित शिकवण्यात माझी उमर गेली. कॅल्क्युलसच्या वह्या तपासताना लाल पेन कुठे थांबतं ते सांगतो. डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर) काढला त्या ओळीवर क्वचितच. ती ओळ बहुतेकांची बरोबर असते, कारण सूत्र पाठ असतं. गाडी अडते ती पुढच्या दोन-तीन ओळींत. तिथे कंस सोडवायचा असतो, वजा चिन्ह आत न्यायचं असतं, अपूर्णांक सोपा करायचा असतो आणि शेवटी 'हे धन केव्हा, ऋण केव्हा' ते ठरवायचं असतं. हे सगळं आठवी ते अकरावीचं काम. मार्क मात्र बारावीचे जातात.

आता आकडे बघा. सीबीएसईच्या अकरावीच्या ८० मार्कांच्या पेपरात कॅल्क्युलसला ८ मार्क आहेत. बारावीच्या ८० मार्कांच्या पेपरात ३५. आठचा धडा म्हटल्यावर तो वर्षाच्या शेवटी येतो, परीक्षा तोंडावर असते आणि सर-मॅडम तो उरकतात. मुलाच्या हाती काय राहतं? 'काटाकाटी करा आणि किंमत ठेवा' एवढा मंत्र. त्या मंत्रावर आठातले सहा सहज मिळतात, म्हणून कोणाला खटकतही नाही. तुमच्या लेकीला ते खटकलंय, ही मला चांगली खूण वाटते.

शिवाय घाई कसली आहे? बारावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात आधी रिलेशन्स-फंक्शन्स, इनव्हर्स ट्रिगनॉमेट्री, मॅट्रिक्स आणि डिटर्मिनंट येतात. कंटिन्युइटी आणि डिफरन्शिएबिलिटी हा पाचवा धडा. इंटिग्रेशन तर दुसऱ्या भागात, सातव्या धड्यापासून. शाळा उघडल्या दिवशी कोणी तिला इंटिग्रेशन विचारणार नाही.

तेव्हा पहिल्या दिवशी घरीच एक छोटी चाचणी घ्या. कॅल्क्युलेटर नको, घड्याळही नको. १/(एक्स + एच) मधून १/एक्स वजा करून उत्तराला एचने भागायला सांगा. शेवटी वजा १ भागिले एक्स(एक्स + एच) आलं पाहिजे आणि वरचा एच कटला पाहिजे. २ एक्स वजा ३ याची मॉड्युलस किंमत ५ पेक्षा लहान केव्हा, ते विचारा. उत्तर, एक्सची किंमत 'वजा १' आणि '४' यांच्या मधे. साइन सात पाय (π) छेद सहा किती, हे डिग्रीत न बदलता सांगता येतं का? वजा अर्धा. एक्सच्या वर्गाचं वर्गमूळ काय? 'एक्स' असं उत्तर आलं तर एक्सच्या जागी वजा ३ ठेवून बघ म्हणावं. एक्सचा वर्ग + ४ एक्स + १३ यात पूर्ण वर्ग करून दाखव. आणि शेवटी, एक्स वजा २ च्या मॉड्युलसमध्ये १ मिळवला तर ग्राफ कसा दिसेल, ते टेबल न करता हाताने काढ.

हे सगळं न अडखळता झालं तर सुट्टीतलं निम्मं काम आधीच झालेलं आहे. चांगल्या मार्कांची मुलंसुद्धा साधारण दोन-तीन ठिकाणी अडकतात असा माझा अनुभव. जिथे अडकली तिथून सुरुवात करायची, पहिल्या पानापासून नाही.

एक उदाहरण जवळून बघू, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. एक्स भागिले (एक्सचा वर्ग + १), हे फंक्शन कुठे वाढतं ते शोधा. क्वोशंट रूल, म्हणजे भागाकाराचा डेरिव्हेटिव्ह काढायचा नियम, लावला. अंशात आलं (एक्सचा वर्ग + १) वजा एक्स गुणिले २ एक्स. म्हणजे १ वजा एक्सचा वर्ग. छेदात (एक्सचा वर्ग + १) याचा वर्ग. इथपर्यंत कॅल्क्युलस संपलं! आता वही बघा. एक मुलगा छेदाचा वर्ग उलगडून चौथ्या घातापर्यंत जातो आणि त्या जंगलात हरवतो. छेद कायम धन आहे, त्याच्याकडे बघायचीही गरज नाही, हे त्याला दिसतच नाही. दुसरी मुलगी अंश बरोबर घेते, १ वजा एक्सचा वर्ग शून्यापेक्षा मोठा असं लिहिते आणि खाली बेधडक लिहिते, 'एक्स लहान अधिक-वजा १ पेक्षा'. या ओळीला काही अर्थच नाही. पण ती दर वर्षी, दर बॅचमध्ये येते. खरं उत्तर वजा १ आणि १ च्या मधे. ते सूत्राने मिळत नाही, नंबर लाइनवर चिन्ह बघून मिळतं.

इनइक्वॅलिटी हा तर असा विषय आहे की तो नीट आला तर 'ॲप्लिकेशन ऑफ डेरिव्हेटिव्ह'चा अर्धा धडा हातात आलाच समजा. १/एक्स हे २ पेक्षा लहान केव्हा? दहातली सात मुलं एक्सने गुणून मोकळी होतात आणि 'एक्स मोठा १/२ पेक्षा' लिहितात. मग एक्सची किंमत 'वजा १' असली तर? १/एक्सची किंमतही 'वजा १' झाली, ती २ पेक्षा लहानच आहे की! एक्स ऋण असला तर गुणताना चिन्ह उलटतं हे माहीत सगळ्यांना असतं, पण हाताला सवय नसते. ही सवय लावायला सुट्टीसारखी वेळ नाही. रोज चार-पाच इनइक्वॅलिटी, प्रत्येकीत सगळं एका बाजूला आणून, अवयव पाडून, नंबर लाइनवर चिन्हं मांडून. पंधरा दिवसांत फरक दिसतो.

इंटिग्रेशनचंही असंच. १ भागिले (एक्सचा वर्ग + ४ एक्स + १३) याचं इंटिग्रल मुलांना भयंकर वाटतं. छेदाचा (एक्स + २) चा वर्ग अधिक ९ केला की उरतो तो एका ओळीचा प्रश्न: १/३ गुणिले टॅन इनव्हर्स (एक्स + २) छेद ३, अधिक सी. भीती टॅन इनव्हर्सची नव्हती, पूर्ण वर्ग करण्याची होती. पार्शल फ्रॅक्शन्सही मुळात अपूर्णांकांची बेरीज उलटी चालवणं आहे. घातांकांत १ भागिले एक्सच्या वर्गाचं घनमूळ म्हणजे एक्सचा वजा २/३ वा घात, हे बघता क्षणी दिसायला हवं, आणि लॉगमध्ये बेरजेचा लॉग म्हणजे लॉगांची बेरीज नव्हे, हेही. एवढ्यावर जास्त बोलत नाही, सराव केला की होतं.

फंक्शन आणि ग्राफवर मात्र थांबून काम करा. चेन रूल, म्हणजे एकात एक गुंतलेल्या फंक्शनांचा डेरिव्हेटिव्ह काढायचा नियम, पुढे वर्षभर छळतो, आणि त्याचं मूळ 'फंक्शनच्या आत फंक्शन' ओळखण्यात आहे. साइनचा वर्ग आणि वर्गाचा साइन यांत कोण आत, कोण बाहेर? घडी घातलेलं पातळ उलगडताना जशी वरची घडी आधी सुटते, तसं डेरिव्हेटिव्ह घेताना बाहेरचं फंक्शन आधी. सुट्टीत डेरिव्हेटिव्ह घ्यायची गरज नाही. फक्त दहा-वीस फंक्शनं घेऊन 'आत हे, बाहेर ते' एवढंच बोलत जायचं. एफ म्हणजे एक्सचा वर्ग + १ आणि जी म्हणजे २ एक्स वजा ३ असेल, तर एफमध्ये जी घातल्यावर ४ एक्स वर्ग वजा १२ एक्स + १० येतं, आणि जीमध्ये एफ घातल्यावर २ एक्स वर्ग वजा १. दोन्ही वेगळी. हे स्वतः करून बघितल्यावर आत-बाहेरचा गोंधळ बराच कमी होतो.

ग्राफसाठी मोबाइलवर जिओजेब्रा मोफत मिळतं, वापरा जरूर. पण नियम असा, की आधी ग्राफपेपरवर हाताने, मग मोबाइलवर पडताळा. उलटं केलं तर डोळा शिकत नाही, नुसता मान डोलावतो. एक्सचा वर्ग, घन, १/एक्स, वर्गमूळ, मॉड्युलस, ग्रेटेस्ट इंटिजर, साइन, कोसाइन, टॅन, ई चा एक्स घात आणि लॉग. ही मंडळी तिला झोपेतून उठवून विचारली तरी काढता यावीत. मग त्यांनाच डावी-उजवीकडे सरकवायचं, उलटं करायचं, ताणायचं. जेईई करणाऱ्या मुलांना तर यातूनच दोन-दोन मिनिटं वाचतात.

ट्रिगनॉमेट्रीत एकच गोष्ट आग्रहाने सांगतो, रेडियन, म्हणजे कोन मोजायचं डिग्रीऐवजीचं माप. मुलं बारावीतही मनातल्या मनात डिग्रीत विचार करतात. तिला फोनच्या कॅल्क्युलेटरवर हे करू द्या. रेडियन मोड ठेवून साइन ०.१ काढा आणि ०.१ ने भागा. ०.९९८३ येईल. ०.०१ घेतला तर १ च्या आणखी जवळ. आता मोड डिग्रीवर आणा आणि तेच करा. ०.०१७४५ येतं. ते कुठून आलं? पाय भागिले १८०. 'साइन एक्स भागिले एक्सचं लिमिट १' हे फक्त रेडियनमध्ये खरं आहे, आणि साइनचा डेरिव्हेटिव्ह कोसाइन हेही त्यावरच उभं आहे. डिग्रीत केलं तर तो आकडा शेपटासारखा मागे लागतो. हा प्रयोग एकदा केला की रेडियनबद्दल वेगळं व्याख्यान द्यावं लागत नाही.

बीजगणिताचा पाया एका बाजूने भरताना दुसऱ्या बाजूने कॅल्क्युलसची कल्पना रुजायला हवी. सूत्रं नकोत, कल्पना. त्यासाठी इंदूरच्या उन्हासारखा मदतनीस नाही. आपलं शहर कर्कवृत्ताच्या थोडं दक्षिणेला, साधारण २२.७ अंश अक्षांशावर. त्यामुळे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास भर दुपारी सूर्य जवळजवळ बरोब्बर डोक्यावर येतो. आपल्याकडे ती वेळ घड्याळात बाराची नसून साडेबाराला चार-पाच मिनिटं कमी अशी असते. गच्चीवर एक मीटरची काठी ओळंब्यात उभी करा. त्या सुमारास सावली नाहीशी झाल्यासारखी असते. मग दीड, अडीच, साडेतीन, साडेचार, साडेपाच, प्रत्येक वेळी खडूने टोक आखून टेपने सावली मोजायची. उन्हात उभं राहायचं नाही, मोजून खाली यायचं. पन्हं पिऊन पुढची वेळ.

हिशेबाने सावली साधारण २६, ५४, ९१, १४७ आणि २६३ सेंटीमीटर यायला हवी. तासातासाला वाढ किती? २८, ३७, ५६, ११६. घड्याळ एका चालीने चाललंय, सूर्य एका चालीने चाललाय, सावली मात्र धावत सुटलीय. आता विचारा, बरोबर साडेतीनला सावली कोणत्या वेगाने वाढत होती? अडीच ते साडेचार घेतलं तर ताशी ४६ च्या वर. साडेतीन ते साडेचार घेतलं तर ५६. मग दुसऱ्या दिवशी सव्वातीन आणि पावणेचारला मोजा. साधारण ८० आणि १०२, म्हणजे अर्ध्या तासात २२, ताशी ४४. अजून जवळच्या वेळा घेतल्या तर? आकडा एका जागी स्थिरावत जातो, तो जिथे स्थिरावतो तो डेरिव्हेटिव्ह. हे तिने स्वतःच्या टेपने एकदा मोजलं, की एच, म्हणजे दोन वेळांमधलं अंतर, शून्याकडे नेण्याची डेरिव्हेटिव्हची ती व्याख्या तिला कोणी पाठ करायला लावणार नाही. तुमचे आकडे दोन-चार सेंटीमीटरने चुकतील, चुकू द्या. पण हे ढग येण्याआधी उरका, जूनच्या उत्तरार्धात आपल्याकडे पावसाचं काही सांगता येत नाही.

जमलं तर एखाद्या रविवारी उज्जैनला जा. महाकालाच्या दर्शनाला जातोच आपण, तसंच पुढे वेधशाळेत. जयपूरचे सवाई जयसिंह यांनी अठराव्या शतकात बांधलेली ती. तिथल्या सम्राट यंत्रावर, म्हणजे मोठ्या सूर्यघड्याळावर, सावली समान वेळात समान अंतर सरकते, कारण त्याची तिरपी भिंत पृथ्वीच्या आसाला समांतर आहे. गच्चीवरची काठी आणि हे यंत्र, सूर्य एकच, पण एकीकडे वेग बदलतो आणि दुसरीकडे स्थिर राहतो. दोन्हींचे ग्राफ शेजारी शेजारी काढायला सांगा. जाताजाता हेही सांगा, की ११५० साली सिद्धान्तशिरोमणी लिहिणाऱ्या भास्कराचार्यांनी ग्रहांच्या 'तात्कालिक गती'चा विचार केला होता. न्यूटनच्या पाचशेहून अधिक वर्षं आधी. त्यावरून लगेच 'कॅल्क्युलस आपलंच' असा झेंडा लावू नये, पूर्ण शास्त्र नंतर उभं राहिलं. पण प्रश्न तोच होता, या क्षणी वेग किती.

लिमिटचं जे बसलं नाही म्हणते, त्यावर माझा एकच उपाय आहे. प्रत्येक उदाहरणात दोन वेगळे प्रश्न विचारायचे: बिंदूवर काय आहे, आणि बिंदूच्या जवळ काय आहे. (एक्सचा वर्ग वजा ४) भागिले (एक्स वजा २) घ्या. २ वर काहीच नाही, शून्य भागिले शून्य. पण २ च्या जवळ? १.९ ला ३.९, १.९९ ला ३.९९, २.०१ ला ४.०१. जवळ सगळीकडे ४ कडे ओढ आहे, फक्त त्या जागी भोक आहे. मग एक्सच्या मॉड्युलसला एक्सने भागा. शून्याच्या उजवीकडे कायम १, डावीकडे कायम वजा १. इथे ओढ दोन दिशांना, म्हणून लिमिटच नाही. शाळेत मुलं 'शून्य भागिले शून्य आलं म्हणून काटाकाटी' असं करतात आणि बिंदू आणि जवळ यांतला फरक पुसून टाकतात. बारावीचा पाचवा धडा पूर्णपणे या फरकावर चालतो. तिथे पहिल्याच आठवड्यात 'के ची किंमत किती ठेवली तर फंक्शन कंटिन्युअस होईल' असे प्रश्न येतात, आणि त्यात करायचं एवढंच असतं की जवळचं उत्तर आणि बिंदूवरचं उत्तर जुळवायचं.

इंटिग्रेशनचीही नुसती ओळख करून द्या. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, ते आलं की हौदाच्या नळाखाली बादली लावा आणि ती किती सेकंदांत भरते ते बघा. दर दहा मिनिटांनी. समजा मिनिटाला २० लिटर, मग १६, मग १२, मग ८ अशी धार कमी होत गेली. अर्ध्या तासात हौदात किती पडलं? प्रत्येक दहा मिनिटांच्या सुरुवातीची धार धरली तर ४८० लिटर, शेवटची धरली तर ३६०. खरं उत्तर मधे कुठेतरी. पाच-पाच मिनिटांनी मोजलं असतं तर ही फट कमी झाली असती. मग कागदावर एक्सच्या वर्गाचा ग्राफ ० ते १ काढून त्याखाली दहा पट्ट्या पाडा. कमी धरून ०.२८५, जास्त धरून ०.३८५. शंभर पट्ट्या केल्या तर ०.३२८३५ आणि ०.३३८३५. एक तृतीयांश कुठून येतो ते डोळ्यांना दिसतं.

हे मी मुद्दाम सुट्टीत करायला सांगतोय, कारण शाळेत आता ते होणार नाही. एनसीईआरटीने बारावीचं पुस्तक छाटलं तेव्हा 'बेरजेचं लिमिट म्हणून डेफिनिट इंटिग्रल' गेलं, मीन व्हॅल्यू थिअरम गेला, टँजंट-नॉर्मल गेले, दोन वक्रांमधलं क्षेत्रफळही गेलं. बोर्डाच्या दृष्टीने ओझं कमी झालं. पण बेरजेशिवाय इंटिग्रेशन शिकलेल्या मुलाला ते डेरिव्हेटिव्हची उलटी क्रिया एवढंच वाटतं, आणि क्षेत्रफळाशी त्याचा संबंध का, हे विचारलं की तो गप्प होतो. माझ्या मते ही छाटणी चुकीच्या फांदीवर झाली.

आता क्लासचं. दीड महिन्यात पूर्ण कॅल्क्युलस म्हणजे इंटिग्रेशनची सूत्रं आणि शॉर्टकट, दुसरं काही बसतच नाही तेवढ्यात. तोटा फक्त फीचा नाही. जे मूल मेमध्ये सूत्रं घोकून येतं, ते सप्टेंबरमध्ये वर्गात 'हे मला येतं' म्हणून खिडकीबाहेर बघतं, आणि खरं शिकवणं तेव्हाच चालू असतं. जेईईचा क्लास आधीच लावला असेल तर गोष्ट वेगळी. जेईई मेनचं पहिलं सत्र जानेवारीत असतं, त्यांना पुढे पळावंच लागतं. तरी क्लासच्या वहीबरोबर वर सांगितलेली बीजगणिताची रोजची पाच-सात गणितं सोडू नका.

वेळ किती द्यावा? सकाळी पोहे खाऊन ऊन चढायच्या आत तास-दीड तास, बस. एका दिवशी पाच तास आणि मग चार दिवस लग्नघरी, असं नको. आजोळी जायचं असेल तर खुशाल जाऊ द्या, ग्राफपेपर बरोबर द्या. गणित संपल्यावर उत्तर चुकलं तर पूर्ण गणित पुन्हा करायला लावू नका. कोणत्या ओळीवर चुकलं ती एकच ओळ वेगळ्या वहीत उतरवायची, आणि शेजारी बरोबर ओळ. आठवड्याने ती वही उघडली की कळतं, चूक नवीन नाही, तीच तीच आहे. बहुतेक मुलांच्या सगळ्या चुका तीन-चार जातींच्या असतात.

तुम्हाला स्वतःला गणित येत नसलं तरी हरकत नाही. संध्याकाळी चहाच्या वेळी तिला विचारा, आज काय केलं ते आपल्या मराठीत सांग. शाळेत सगळं इंग्रजीत, मैत्रिणींशी हिंदीत, म्हणून घरी मराठीत सांगताना पाठ केलेली वाक्यं कामाला येत नाहीत. कळलं असेल तेवढंच बाहेर येतं. सावलीचा प्रयोग आजीला समजावून सांगता आला तर तो समजला.

भाच्याबद्दल एवढंच, की एपी कॅल्क्युलस बीसी आपल्या बारावीपेक्षा काही बाबतीत वेगळं आहे. अनंत श्रेणी म्हणजे इन्फिनिट सिरीज, पोलर आणि पॅरामेट्रिक वक्रांचं कॅल्क्युलस त्यात येतं. आपल्या बारावीच्या पेपरात सिरीज नाहीच. त्यांच्या परीक्षेत काही भागांना ग्राफिंग कॅल्क्युलेटर चालतो, बोर्डात आपल्याला कॅल्क्युलेटर आत नेता येत नाही. म्हणून त्याला सुट्टीत कॅल्क्युलेटर वापरायला शिकावं लागेल, आणि तुमच्या लेकीला प्रयोगाचे तक्ते सोडले तर तो कपाटात ठेवावा लागेल. त्याच्या गठ्ठ्यातली गणितं मात्र मागवून घ्या. फोटो काढून पाठवले तरी चालतील. तिला त्यांतली निम्मी जशीच्या तशी उपयोगी पडतील, आणि दोघं भावंडं व्हिडिओ कॉलवर एकमेकांचे ग्राफ तपासू शकतील. आपली सकाळ म्हणजे त्याची आदल्या दिवसाची रात्र, एवढं वेळेचं गणित जमवा.